न झालेला टायफाईड

आठवीत असताना मला टायफाईड झाला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याला माहीत आहे, मुलांना माहीत आहे. मागच्या वर्षी ताप आला म्हणून मंचरच्या दवाखान्यात गेले, तर मी तोंड उघडायच्या आधीच यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं, "हिला लहानपणी मोठा टायफाईड झाला होता. चार महिने शाळा बुडली होती." डॉक्टरांनी ते कागदावर लिहूनही घेतलं. घरी येताना मात्र वाटलं, की आपण आता साठीला आलो, अण्णा नाहीत, आई नाही, आणि अजून आपण हा टायफाईड सांभाळतोय. मला टायफाईड कधीच झाला नाही. ते चार महिने मी कुठं होते, ते या प्रकरणात लिहिते.

आमचं घर पिंपरी पेंढारला, गावातून मळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं आईची चूल आणि कढीपत्त्याचं झाड. थोडी जमीन होती, ती चुलते करायचे. आम्ही जगायचो अण्णांच्या नोकरीवर. अण्णा म्हणजे माझे वडील. ते प्राथमिक शिक्षक होते आणि सायकलनं तासाभरावरच्या एका वाडीवर त्यांची शाळा होती. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती, त्यांची नातवंडं आता शिकलीसवरली आहेत, हे वाचतीलही. एकाच शिक्षकाची शाळा, पहिली ते चौथी, पंचवीस-तीस पोरं, त्यातली निम्मी मेंढरं राखणाऱ्या घरांतली. गावात अण्णांना फार मान होता. त्यांचं अक्षर इतकं वळणदार, की कुणाचं लग्न ठरलं की पत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. कुणाच्या मुलाचं लष्करातून पत्र आलं की वाचायला अण्णा, उत्तर लिहायलाही अण्णा. ओट्यावर बसून ते पत्र वाचायचे तेव्हा समोरची म्हातारी रडायची आणि अण्णा तिचं रडणं थांबेपर्यंत पुढची ओळ वाचायचे नाहीत. असा माणूस होता तो. हे आधी लिहिते, कारण यापुढचं वाचून कुणालाही ते वाईट वाटतील, आणि ते वाईट नव्हते. ते प्यायचे.

संध्याकाळी पाचच्या पुढं आमच्या घराचे कान रस्त्याकडं लागायचे. अण्णा सायकलवर बसून येत असले की वळणावर घंटी वाजायची. ती वाजली की आई चुलीत लाकूड सारायची आणि माझा भाऊ दिलीप, तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, रस्त्याकडं पळायचा. पण कधी कधी घंटी वाजायचीच नाही. नुसती चेनची सावकाश टिकटिक ऐकू यायची, म्हणजे ते सायकल हातात धरून चालत येत आहेत. ती टिकटिक ऐकली की आई पाट्यावरचा हात थांबवायची. दिलीप स्वतःची ताटली उचलायचा आणि एक शब्द न बोलता शेजारच्या काकूंकडं जेवायला जायचा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी ओट्यावर जाऊन सायकल धरायची, कारण ती आपटली तर समोरच्या घरातली माणसं बाहेर यायची.

अण्णांनी आम्हाला कधी मारलं नाही. मी पुढं तीस वर्षं घोडेगावकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात काम केलं, तिथं अनेकजणी मला म्हणायच्या, "बाई, आमचे वडील पितात पण मारत नाहीत, त्यामुळं तसं काय न्हाई." मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगत होते. अण्णा मारत नव्हते, ते रडायचे. मला जवळ बसवून, "शालू, तुझा बाप नालायक आहे," असं पुन्हा पुन्हा म्हणायचे, आणि मी "न्हाई अण्णा, तुमी चांगले हाय" असं म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. दहा-अकरा वर्षांची मी बापाची समजूत काढत बसायची आणि माझी भाकरी ताटात वाळून जायची. आई सकाळी सगळ्यांच्या आधी विहिरीवर जाऊन त्यांचे कपडे धुवून आणायची, म्हणजे बायका यायच्या आत ते दोरीवर असायचे. त्या कपड्यांविषयी आम्ही कधी बोललो नाही. आमच्या घरात दारू हा शब्दच नव्हता. "अण्णांना बरं नाही" असं म्हणायचं.

चांगले दिवसही होते. मी आठवीत होते त्या वर्षी दिवाळीच्या आधी अण्णा आम्हाला लेण्याद्रीला घेऊन गेले. वर चढताना दिलीपला खांद्यावर घेतलं होतं, दम लागला की थांबून खाली दिसणारं जुन्नर दाखवायचे. गुहेतल्या गणपतीसमोर त्यांनी आईकडं न बघता हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "आजपासून बंद." तिथल्या दोन अनोळखी बायकांनी वळून पाहिलं. आईनं मान खाली घातली. त्यानंतरचे दिवस मला चवीसकट आठवतात. आईनं मासवडी केली होती. बेसन शिजवून फडक्यावर थापायचं, त्यात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं, वड्या कापायच्या आणि सोबत झणझणीत रस्सा. ते एरवी पाहुण्यांना करायचं जेवण. तेव्हा पाहुणे कुणी नव्हते, आम्ही चौघंच. दिलीप त्या दिवशी शेजारी गेला नाही. अण्णा त्याला म्हणाले, "माशाच्या आकाराची म्हणून मासवडी, काटा न्हाई बघ हिला." आणि तो इतका हसला, की त्याला ठसका लागला.

अकरा दिवस ते टिकलं. बाराव्या दिवशी दुपारी दोन माणसं अण्णांना बैलगाडीत घालून घेऊन आली. ओढ्याच्या पलीकडं हातभट्टी होती, तिथून उठून शाळेकडं निघाले आणि सायकलसकट बांधावरून खाली गेले. डोक्याला खोक पडली होती. शाळा तशीच बंद राहिली, पोरं दुपारपर्यंत पटांगणात बसून घरी गेली. गाडीवाला जाताना आईला हळूच म्हणाला, "वहिनी, आमी न्हाई कुणाला बोलायचो. पर हे असं किती दिस चालायचं? वरून कुणी आलं तर नोकरी जाईल गुरुजींची."

दुसऱ्या दिवशी आई मला परसात घेऊन गेली. मी ओतूरच्या हायस्कूलला जायची, आठवीत, पहिली सहामाही नुकतीच संपली होती आणि वर्गात माझा दुसरा नंबर आला होता. आई कढीपत्त्याची पानं तोडत राहिली, माझ्याकडं बघितलं नाही.

"शालू, थोडं दिस अण्णांबरूबर जा."

"कुठं?"

"वाडीच्या शाळेत. तू संग असलीस की वाटंत थांबायची लाज वाटंल त्यांना. आन न्हाईच बरं वाटलं, तर पोरांकडं बघाय तू हायेस."

"आन माझी शाळा?"

"थोडंच दिस गं. टायफाड झालाय म्हणून सांगू."

मी नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला त्या वेळी वाईटही वाटलं नाही. आईनं एवढं मोठं काम माझ्यावर सोपवलं, याचा मला अभिमान वाटला. तेराव्या वर्षी घरातली सगळ्यात शहाणी आपणच, अशी माझी समजूत झाली होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती, हेच त्यातलं वाईट.

तर मी अण्णांच्या सायकलच्या मागं बसून वाडीला जाऊ लागले. पहिला आठवडा ते थांबले नाहीत. वाटेत मला कविता म्हणून दाखवायचे, दोन्ही बाजूंच्या वावरात बायका कांद्याची रोपं लावत असायच्या, त्या हाक मारायच्या, "गुरुजी, लेकीला मास्तरीण करता का काय!" दुसऱ्या आठवड्यात ओढ्याजवळ आल्यावर ते म्हणाले, "तू हो पुढं, चाकातली हवा कमी झाल्यासारखी वाटतीय." मी खाली उतरले आणि चालत पुढं गेले. मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. थोड्या वेळानं ते शाळेत आले तेव्हा पेरूचा पाला चघळत होते. तोंडाचा वास जावा म्हणून लोक पेरूचा पाला खातात, हे मला तेव्हा कळलं. मग ते रोजचंच झालं. दहा-साडेदहापर्यंत ते वर्गात बसायचे, मग "जरा पडतो गं" म्हणून आतल्या खोलीत जायचे. त्या खोलीत मुलांना वाटायच्या सुकडीची, म्हणजे सरकारी गोड पिठाची पोती असायची. त्या पोत्यांवर ते झोपायचे, आणि मी दार ओढून घेऊन खडू हातात घ्यायची.

पोरं मला ताई म्हणायची. त्यांच्यात हौसा नावाची एक चौथीतली मुलगी होती, मेंढरं राखणाऱ्या घरातली, डोक्याला कायम तेल आणि नाक कायम वाहणारं. तिला पाढे यायचे नाहीत, पण मेंढरं बरोबर मोजता यायची. मी तिला मेंढरांवरूनच गुणाकार शिकवला. दोन महिन्यांत ती सतराचा पाढा म्हणू लागली. हौसाची आई एकदा ताकाची लोटी घेऊन आली, आतल्या दाराकडं एक नजर टाकली आणि मला म्हणाली, "गुरुजी निजल्यात व्हय? निजू द्या. आमच्या पोरीला पहिल्यांदाच काय यायला लागलंय." वाडीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुणी बोललं नाही, कारण अण्णा त्यांचे अर्ज लिहायचे, त्यांच्या लेकरांना जीव लावायचे. माणसांनी चांगुलपणानं डोळे मिटले होते. त्या चांगुलपणाचा कुणालाच उपयोग झाला नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.

रोजची हजेरी मीच मांडायची. अण्णांचं अक्षर मला इतकं हुबेहूब जमायला लागलं, की एकदा त्यांनी स्वतः वही उघडली आणि बराच वेळ बघत राहिले. "हे मी लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणाले. मी खोटं किती सहज बोलायला लागले होते, ते सांगते. माझी वर्गातली मैत्रीण कुसुम एका रविवारी ओतूरहून मला बघायला आली. हातात माझ्यासाठी उतरवून आणलेल्या गणिताच्या दोन वह्या होत्या. अण्णा आत जमिनीवर पडलेले. मी दारातच उभी राहिले, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून. म्हणाले, "आत येऊ नकोस, टायफाड लागतो." ती घाबरून दोन पावलं मागं सरली. वह्या ओट्यावर ठेवून म्हणाली, "तू बारीक न्हाई झालीस." मी म्हणाले, "अंगावर सूज हाय." ती गेली, पुन्हा आली नाही. त्या वह्या मी ट्रंकेत ठेवल्या आणि उघडल्या नाहीत.

वसतिगृहात काम करताना मला एक गोष्ट दिसली. रविवारी पालक भेटायला यायचे, मुली फाटकाशी उभ्या राहायच्या. बहुतेक मुली आलेल्या माणसाच्या पिशवीकडं किंवा तोंडाकडं बघायच्या. एखादी मात्र बापाच्या पायांकडं बघायची. तो कसा चालतोय, पाऊल सरळ पडतंय का, हे बघून मग ती हसायचं की नाही ते ठरवायची. अशी मुलगी अभ्यासात हुशार असायची, सगळ्यांची कामं करायची, कधी आजारी पडायची नाही, कधी काही मागायची नाही. इतर बाया म्हणायच्या, किती गुणी पोरगी. मला मात्र तिची काळजी वाटायची. तिला मी मुद्दाम काम सांगायची नाही.

शिवरात्र होऊन गेली होती. ऊन तापायला लागलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील, मी चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत होते. कागदाची भाकरी कापून तिचे तुकडे वाटत होते. तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, काळासावळा, हातात छत्री, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. जीप ओढ्यापलीकडं ठेवून चालत आले होते. शिक्षण खात्याचे साहेब. पोरं उठून उभी राहिली. साहेब म्हणाले, "बसा, बसा. चालू द्या तुमचं." आणि पोरांच्या शेजारी तरटावर मांडी घालून बसले. मी शिकवत राहिले. त्यांनी हौसाला विचारलं, "पाऊण भाकरी खाल्ली तर किती उरली?" हौसा म्हणाली, "पाव. पर पाव उरवतंय कोण?" साहेब खदखदून हसले.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"ताईनं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी कुठं आहेत?"

"ओतूरला गेलेत. पगारपत्रकाचं काम व्हतं."

"मी ओतूरहूनच आलो."

"मग चुकामूक झाली. ते पायवाटेनं गेलेत, तुमी रस्त्यानं आलात."

त्यांनी हजेरीची वही मागितली. पानं उलटली. "हे अक्षर गुरुजींचं?"

"हो."

"आजची हजेरीही त्यांनीच मांडली?"

"सकाळी मांडून गेले."

एकाही उत्तराला मी अडखळले नाही. मला आठवतं, आत कुठंतरी मला गंमतही वाटत होती, की बघ, किती चांगलं जमतंय. साहेबांनी वही मिटली. रागावलेले दिसत नव्हते. छत्री भिंतीला टेकवून त्यांनी अगदी सहज विचारलं, घरी आलेल्या पाहुण्यानं विचारावं तसं, "आणि तू कितवीत आहेस, बाळ?"

"आठवीत."

"मग इथं कशी?"

अण्णांविषयीच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. माझ्याविषयी मला कुणी काही विचारेल, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. टायफाईड म्हणावं तर मी समोर धडधाकट उभी. सुट्टी म्हणावी तर शाळेचा दिवस. मी तोंड उघडलं. मग एकदम रडू आलं. मोठ्यानं, लहान पोरासारखं. पोरं घाबरून बघत राहिली. हौसा उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या परकराला धरून तीही रडायला लागली.

आतल्या खोलीचं दार उघडलं. अण्णा आमच्या आवाजानं जागे झाले होते. सदऱ्याला पीठ लागलेलं, टोपी हातात. ती डोक्यावर घालायचा प्रयत्न करत होते, पण घालता येत नव्हती. साहेब उठले, त्यांच्या हातातली टोपी घेऊन टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "राहू द्या गुरुजी. बसा आधी." मग पोरांना पटांगणात पिटाळलं. मी दारापाशी उभी होते. साहेबांनी माठातून पाणी काढून अण्णांना दिलं. अण्णांनी पाणी संपवलं. मग साहेब म्हणाले, "तुमचं जे व्हायचं ते होईल, मला वर लिहावं लागेल. त्यात मी काही लपवणार नाही. पण त्याच्या आधी एक काम तुम्ही करायचं. सोमवारी ही मुलगी तिच्या शाळेत दिसली पाहिजे. मी चौकशी करणार आहे." अण्णांनी मान हलवली. जाताना साहेब माझ्याजवळ थांबले. "छान शिकवतेस," म्हणाले, "पण हे तुझं काम नाही."

घरी कळल्यावर आईनं कपाळाला हात लावला. मला म्हणाली, "इतकं दिस केलंस, आन येवढं एक सांगता आलं न्हाई तुला?" त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. मला वाटलं, मी अण्णांची नोकरी घालवली. मी घर मोडलं. ही समजूत पुढं किती वर्षं माझ्या अंगात राहिली, ते सांगता येणार नाही. अजूनही घरात भांडं जरी पडलं तरी मला आधी वाटतं, माझंच काहीतरी चुकलं. आमचे हे कामावरून उशिरा आले, की मी दारात उभी. ते आयुष्यात कधी प्यायले नाहीत, तरी मी त्यांची चाल बघायची. एकदा त्यांनी विचारलं, "तू रोज माझ्या पायांकडं काय बघतेस?" मी म्हणाले, "चप्पल झिजलीय तुमची." दुसऱ्या दिवशी ते नवी घेऊन आले.

अण्णांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. त्यांना काही महिने घरी बसवलं, मग आंबेगाव तालुक्यात पार भीमाशंकरच्या डोंगराकडं बदली केली. तिथं ते एकटेच खोली घेऊन राहायचे. एक वर्ष त्यांनी अजिबात घेतली नाही. मग पुन्हा सुरू झाली, मग सुटली, मग पुन्हा सुरू झाली. मी वसतिगृहात कामाला लागले त्याच वर्षी ते गेले, पोटात पाणी होऊन. पन्नाशीही गाठली नाही. दिलीप पुण्यात कंपनीत लागला. तो दारूला शिवला नाही, पण घरालाही फारसा शिवला नाही. दिवाळीला फोन करतो, "ताई, बरी आहेस ना," एवढं विचारतो. मी "बरी आहे" म्हणते. आम्ही दोघंही त्याच्या पुढं जात नाही. आई शेवटी माझ्याकडंच होती. एक दिवस मेथी निवडता निवडता मध्येच म्हणाली, "त्या सायबानं बरं केलं गं. मला कळत व्हतं तुझं नुकसान व्हतंय. पर थांबवायचं कसं, ते न्हवतं कळत." मी तिच्या हातातली जुडी घेतली आणि उरलेली निवडली.

पण त्या सोमवारविषयी सांगायचं राहिलं. सकाळी अण्णांनी गरम पाण्यानं अंघोळ केली, दाढी केली, स्वच्छ धुतलेला सदरा घातला. हात कापत होते, त्यामुळं हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. आईनं त्यावर हळद लावली. आम्ही एसटीनं ओतूरला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात मुख्याध्यापक उभे होते. ते अण्णांना ओळखत होते. "या गुरुजी, या," म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "काय गं, बरी झालीस का? मोठा टायफाईड होता म्हणे."

मी "हो सर" म्हणायला तोंड उघडलं होतं. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"टायफाईड नव्हता सर," ते म्हणाले. "मी पितो. मला सांभाळायला हिला घरी ठेवलं होतं. तिची काही चूक नाही."

व्हरांड्यातून शिपाई जात होता, तो थांबला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अण्णा ताठ उभे होते, हनुवटीवर हळदीचे दोन डाग. आमच्या घरातल्या कुणीही हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. आईनं नाही, मी नाही, त्यांनीच सांगितलं. ही गोष्ट मी माझ्या नवऱ्याला कधी सांगू शकले नाही, आणि अण्णांनी मात्र ती भर व्हरांड्यात, दिवसाउजेडी सांगितली. पुढं ते कितीदा पडले, कितीदा उठले, तरी मला त्यांची आठवण येते ती त्या व्हरांड्यातल्या माणसाची.

मुख्याध्यापक म्हणाले, "जा बाळ, वर्गात जा. दुसरा तास सुरू झालाय."

गणिताचा तास होता. कुसुमच्या शेजारची जागा रिकामीच होती. मी जाऊन बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता आपली वही मध्ये सरकवली. फळ्यावर बीजगणितातलं काहीतरी लिहिलं होतं, कंस आणि त्यांच्यावर छोटे आकडे. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. सरांनी मला उठवलं आणि विचारलं, "सांग, याचा विस्तार काय होईल?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी उभी राहिले.

"येत नाही, सर," मी म्हणाले.

"बरं," सर म्हणाले. "बस खाली. मी सांगतो."

आणि मी खाली बसले.